एका टेपचे आणि अठरा पत्त्यांचे आभार

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र खासगीतही पाठवता आलं असतं. पण पहिलावहिला बोर्डगेम क्राउडफंडिंगला (म्हणजे माल बनण्याआधीच लोकांकडून आगाऊ पैसे जमवायला) टाकायला निघालेले बरेच जण माझ्याच भ्रमात असतात, म्हणून उघड लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझा हिशेब तयार होता. तशाच गेमपेक्षा किंचित कमी किंमत, आणि पहिल्या शंभर जणांना 20 टक्के सूट. तुम्ही कागद बाजूला सारलात, नमुन्याचा डबा मागितलात आणि त्याला टेप लावलीत. 30 बाय 30 बाय 10 सेंटीमीटर. गुणाकार करून 5000 ने भागलंत, कुरिअरवाले डब्याच्या आकारावरून वजन काढतात तसं. "कुरिअरवाला 1.8 किलोचे पैसे घेणार. डबा भरतो 1.1. उरलेली 700 ग्रॅम हवा तू जगभर वाटणार आहेस." उघडून बघितलं तर वरची चार बोटं खरंच रिकामी! बोर्डाला एक घडी वाढवली, डबा 30 बाय 22 बाय 7 वर आला आणि हवेचं भाडं थांबलं.

मग किमतीचा हिशेब तुम्ही मागून पुढे करायला लावलात. छपाई, जहाजाचं भाडं, गोदाम, घरपोच खर्च, वाटेत चेपणारे डबे. किकस्टार्टरसारख्या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर जमलेल्या रकमेचे 5 टक्के त्यांचे, पेमेंटचे आणखी 3 ते 5. पोस्टेज मोहिमेतच गोळा केलं तर त्यावरही हीच कात्री, हे तर माझ्या गावीही नव्हतं. सगळं वजा जाता माझ्याकडे 16 टक्के उरत होते आणि मी 20 टक्के सूट द्यायला निघालो होतो. वर तुम्ही हळूच विचारलंत, "वितरक छापील किमतीच्या 40 टक्क्यांच्या आसपास माल उचलतो. दुकानात जायचंय ना तुला?" त्या रात्री किंमत वाढवली. झोप मात्र लागली नाही, ते वेगळं.

पण खरे आभार लवकर येणाऱ्यांच्या बक्षिसासाठी. पहिले शंभर कोण असतात? आपलेच मित्र, चाचणीला खेळलेले, महिनोन् महिने वाट बघणारे. ते पूर्ण किमतीलाही आले असते. आणि एकशे एकाव्याला दार उघडताच कळतं, आपण उशिरा आलो. तो "बघू नंतर" म्हणून जातो, तो जातोच. तुमचं म्हणणं, किंमत सगळ्यांना एकच ठेव आणि लवकर येणाऱ्याला वस्तू दे, तीही माणसं मोजून नव्हे, तास मोजून.

वस्तू कोणती, तेही तुम्हीच शोधलंत. आमच्या कारखान्यात एका शीटवर 54 पत्ते बसतात. गेममध्ये 90 पत्ते, म्हणजे दोन शीट आणि 18 जागा कोऱ्या. त्या कोऱ्या जागांचे पैसे मी भरतच होतो! तिथे 18 पत्त्यांची छोटी पुरवणी बसली. पहिल्या 48 तासांत येणाऱ्याला फुकट, नंतर येणाऱ्याला वेगळी विकत. "फक्त आत्ताच, पुन्हा कधीच नाही" असलं काही लिहू दिलं नाहीत, तेही बरं झालं. धातूची नाणी तुम्ही वजनापायी खोडलीत, त्याची हळहळ मला अजून आहे. असो.

मोहीम दुसऱ्या संध्याकाळी लक्ष्यापार गेली. मधले दोन आठवडे शुकशुकाट होता, तुम्ही सांगितलाच होतात.

परवा यादी चाळताना तुमचं नाव दिसलं. 51 व्या तासाला आलेलं! मी पुरवणी घालतो म्हणालो, तर तुमचं उत्तर एका ओळीचं: "नियम तूच छापलायस ना?" तेव्हा ताई, तुमच्या डब्यात ते अठरा पत्ते नसतील. हवे असतील तर विकत मिळतील.

आपला,
चार बोटं हवा विकायला निघालेला