मखर टाकाऊतलं, सामान विकतचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या दिवसांत आपल्या पानावर घरगुती सजावटीचे फोटो येतात, ते मी दरवर्षी कापून वहीत चिकटवते. त्याच आपुलकीने हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागात ‘टाकाऊतून टिकाऊ’ मखरांची स्पर्धा झाली. पहिला नंबर आला कागदी कपांच्या मखराचा. काम सुबक होतं. त्या घरच्या मुलांनी रात्री जागवल्या होत्या, त्यांच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. पण जवळ जाऊन पाहिलं तर एकाही कपाला चहाचा डाग नव्हता. सगळे कोरे कप बाजारातून आणलेले, वर चमकीचा कागद आणि गोंदाच्या कांड्या. विसर्जनानंतर हे सगळं पोत्यात भरून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला गेलं. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो खताच्या खड्ड्यात कुजत नाही. आणि भाद्रपदातला व्हाळ कुठे जाऊन मिळतो, हे किनाऱ्यावरच्या माणसांना मी काय सांगणार!

२०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली. गणपतीपुरती तरी सूट द्या, ही मागणी त्याच जुलैमध्ये उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मला ते मनापासून पटलं, कारण आम्हीही त्याआधी थर्माकोलचं मखर आणत होतो. एका वर्षी परसात टेकवून ठेवलेलं मखर वाऱ्याने खालच्या मळ्यात गेलं आणि फुटलं. साबुदाण्याएवढे ते दाणे भाताच्या चुडांतून वेचता वेचता पाठ भरून आली, तरी कापणीच्या वेळी विळ्याबरोबर निघतच होते. त्यानंतर आमच्या घरात मखर विकत आलं नाही.

आता आमचं छत्र सासऱ्यांच्या जुन्या छत्रीचं असतं. कापड फाटलं होतं, पण आठही काड्या शाबूत होत्या. गंज पॉलिश पेपरने घासला, खोबरेल तेलाचा हात फिरवला, दांडा चापाखाली करवतीने कापला आणि छत्री उघडून माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला टांगली. तिच्यावर सासूबाईंचं इरकली लुगडं. आठ काड्यांमधल्या आठ जागांत एकेक वार झोळ सोडला आणि उरलेला नववा वार, म्हणजे पदर, गणपतीच्या पाठीमागे. लुगडं घडीवर विरलेलं आहे, म्हणून टाचणी लावायची नाही, केळीच्या सोपटाने अलगद बांधायचं. सासूबाई हयात होत्या तेव्हा पाटावर बसून बजावायच्या, ‘‘कापू नको गो, नुसता बांध.’’ आजवर कात्री लागलेली नाही.

उजेडासाठी बूड गेलेली रोवळी, म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली, पालथी टांगते. आत एलईडीचा लहान दिवा, कारण जुना पिवळा बल्ब तापतो आणि बांबू करपतो. पेटवला की रोवळीच्या विणीची जाळी सगळ्या भिंतीवर पडते. समई मात्र लुगड्यापासून चांगली हातभर लांब. बाकी माटवीला आंब्याचे टाळ, कवंडळं, हरणं, तेरडा अशी रानफळं-रानफुलं आणि नारळ आहेतच. पाचव्या दिवशी पाला खड्ड्यात, नारळ स्वयंपाकघरात, लुगडं पेटीत, छत्री माळ्यावर.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. अर्जात तीन रकाने घाला: घरात होतं ते काय, विकत आणलं ते काय, आणि विसर्जनानंतर त्यातलं काय कुठे जाणार. तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त गुण द्या. परीक्षकांना पाच मिनिटं जास्त लागतील, पण ज्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची रोवळी किंवा घोंगडी मखरात आली, त्या घराची कदर होईल. आमच्या शेजारच्या वहिनींनी गोधडीची आरास केली होती, अप्रतिम, पण ‘जुनं वाटतं’ म्हणून ती स्पर्धेत टिकली नाही. मला ते फार लागलं.

आपणही यंदा प्रत्येक फोटोखाली एवढंच छापा: आरास कशाची आहे आणि नवा खर्च किती. लुगडं श्रावणातली उघडीप बघून वाळवून ठेवलं आहे. आमच्या गणपतीचा फोटो पाठवेन तेव्हा ही माहिती सोबत लिहून देईन.

आपली,
एक गृहिणी, वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग