गेमला स्पीड नको, पिंग हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी साताऱ्यात घरोघरी इंटरनेट जोडून देण्याचं काम करतो. खांबावरून फायबर ओढण्यापासून घरातला राउटर चालू करून देईपर्यंत सगळं. आपल्या अंकात हल्ली ‘गेमर्ससाठी खास’ म्हणून ३०० आणि ५०० एमबीपीएसच्या (सेकंदाला इतके मेगाबिट) प्लॅनच्या मोठाल्या जाहिराती येतात. त्या वाचून लोक प्लॅन वाढवतात आणि थोड्याच दिवसांत मला फोन करतात, “पैसे दुप्पट भरले, तरी पोराचा गेम अडकतोय.” धंद्यातल्या माणसाने हे लिहू नये असं काहीजण म्हणतील, पण रोज तेच ऐकून मला आता गप्प बसवत नाही.

ऑनलाइन गेम खेळताना नेट लागतं तरी किती? हिशेब मांडून बघा. गेमचं चित्र तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्येच तयार होतं. तारेतून जाते ती फक्त माहिती: कोण कुठे उभा आहे, कोणी गोळी झाडली, कोणाला लागली. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचा सर्व्हर (कंपनीचा मधला कॉम्प्युटर) हा हिशेब सेकंदाला १२८ वेळा करतो. दर वेळी ४०० बाइटचं पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) धरलं तरी सेकंदाला ०.४ मेगाबिटच्या आसपास होतं. तासभर खेळलात तर १८० ते १९० एमबी. बरेचसे गेम याहून कमीत भागवतात. सोबत मित्रांशी बोलणं चालू असेल तर आणखी किरकोळ भर.

२०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आता निदान २ एमबीपीएस मिळालं तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस, म्हणजे जेमतेम अर्धा एमबीपीएस होती. म्हणजे वरचा गेम त्या जुन्या व्याख्येतही मावला असता! आणि त्याच गेमसाठी आपण ३०० विकतो.

पोरांना हे आईबापांपेक्षा आधी कळलेलं असतं. घरात पाऊल टाकलं की वडील म्हणतात, “दादा, स्पीड चेक करा,” आणि मुलगा मागून ओरडतो, “काका, पिंग बघा!” मुलाचं बरोबर असतं. पिंग म्हणजे इथून निघालेलं पाकीट सर्व्हरला पोचून परत यायला लागणारा वेळ. तो २० मिलिसेकंद असेल तर उत्तम, ५०-६० असला तरी चालतं. सगळ्यात वाईट काय, तर आता २०, लगेच १८०, परत ३० असा नाचणारा पिंग. मुलगा भिंतीआड लपलेला असतो आणि तरी गोळी खाऊन मरतो, ते यामुळे. त्यात मधली पाकिटं गळायला लागली तर ५०० चा प्लॅनही काही कामाचा नाही.

यादोगोपाळ पेठेतल्या एका घरचं सांगतो. जुना वाडा, हातभर जाडीच्या भिंती. वडिलांनी मुलाच्या हट्टापायी १०० चा प्लॅन ३०० चा केला होता. राउटर पुढच्या खोलीत, शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे. का तर बाहेर ठेवला की दिसायला बरा नाही! (देव्हाऱ्यामागे ठेवलेला राउटरही मी पाहिलाय.) मुलाची खोली आत, मध्ये तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट. मी राउटरला लॅपटॉप तारेने जोडला आणि मुंबईचा पिंग बघितला, तर ९-१० मिलिसेकंद. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, तेव्हा साताऱ्याहून पुण्यामार्गे मुंबईला जाऊन यायला तीनेक मिलिसेकंद नुसत्या प्रकाशाचेच, बाकीचे वाटेतल्या यंत्रांचे. लाइनमध्ये दोष काही नव्हता. मग तोच लॅपटॉप मुलाच्या खोलीत नेला आणि वायफायवर घेतला. पिंग ४० वर गेला, मग ९०, मग २०० च्या वर.

५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा भिंतींतून आत पोचतच नाही. २.४ पोचतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून, त्यामुळे सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले. वर मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो.

एवढ्यावर भागलं नाही. अंगणात आणि जिन्यात चार कॅमेरे, चारही चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवणारे. एकेकाचे २ एमबीपीएस धरा, म्हणजे ८ एमबीपीएस सतत बाहेर चाललेले. भरीला काकूंच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ संध्याकाळी वायफाय मिळालं की आपोआप बॅकअपला लागायचे. त्यांच्या नव्या प्लॅनात डाउनलोड ३००, पण अपलोड २०. ही दुसरी संख्या जाहिरातीत कुठे होती? होती, तळाला, भिंग लावून वाचावी अशी. (अपलोड आणि डाउनलोड सारखंच देणारे प्लॅनही असतात, विचारून घ्यावं.) अपलोड तुंबलं की राउटरच्या पोटात पाकिटांची रांग लागते. एसटीच्या दारात कोणी पोती चढवत असेल तर हातात नुसती पिशवी असलेला माणूसही मागे खोळंबतो, तसं गेमचं चिमुकलं पाकीट त्या व्हिडिओंमागे अडकतं. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याला २०१० मध्ये स्वतःच्या घरीच हा प्रकार सापडला, आणि त्याने त्याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. इतकी वर्षं झाली, तरी कंपन्या घरोघरी वाटतात त्या स्वस्तातल्या राउटरमध्ये यावरचा उपाय क्वचितच असतो.

त्या घरात मी केलं ते एवढंच. पुढच्या खोलीतून मुलाच्या टेबलापर्यंत लॅनची तार भिंतीच्या कडेने क्लिपा मारून नेली. कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा दर्जा एक पायरी खाली आणला. काकूंचा बॅकअप रात्री झोपताना चालू करायला सांगितला. तारेचा खर्च प्लॅनच्या एका महिन्याच्या वाढीव पैशांतही बसला. वडिलांना मी प्लॅन परत १०० वर आणायला सांगितलं. ते म्हणाले, “राहू दे, आता भरलेत पैसे वर्षाचे.”

फोनवर बीजीएमआयसारखे गेम खेळणाऱ्यांना तार लावणं सोयीचं नसतं. त्यांनी तार खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा राउटर लावावा आणि फोन त्याच्या ५ गिगाहर्ट्झला जोडावा. भिंतीतल्या सॉकेटला खोचायचे रिपीटर दिसायला सोपे असतात, पण ते तेच वायफाय पकडून पुन्हा फेकतात, त्यात वेळ जातो. गेमसाठी घेऊ नयेत.

मोठा स्पीड कुठेच लागत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. १०० जीबीचा गेम उतरवायचा तर ५० एमबीपीएसवर साडेचार तास जातात आणि ३०० वर पाऊण तास. क्लाउड गेमिंगचा प्रकार तर वेगळाच. तिथे गेम दूरच्या मशिनवर चालतो आणि आपल्याकडे नुसतं चित्र येतं. जीफोर्स नाऊ ही अशीच एक सेवा साध्या एचडीसाठी १५ आणि फुल एचडीसाठी २५ एमबीपीएस मागतं. घरात कोणी फोरके सिनेमा लावला तर त्याचे १५ वेगळे. चार माणसांच्या घराला हे सगळं धरून १०० पुरून उरतं, असं माझं मत.

अंतरावर तर कोणाचाच इलाज नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रकाशाचेच. समुद्रातली केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. गेमच्या सेटिंगमध्ये सिंगापूरचा सर्व्हर निवडलेला असेल तर घरातलं नेट बदलून काय होणार? आधी तिथे मुंबई आहे का ते पाहावं.

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट. जीपॉन या घरोघरी फायबर वाटण्याच्या पद्धतीत ऑपरेटरच्या एका पोर्टवर २.५ गिगाबिट येतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ घरांनी एकदम पूर्ण ताकदीने ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० सुद्धा येत नाहीत. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून हे चालतं आणि त्यात फसवणूक नाही. पण आयपीएलची मॅच चालू असताना रात्री ९ वाजता खरी ओढाताण होते. त्यातून ऑपरेटरने स्वतःची पुढची लाइन काटकसर करून कमी क्षमतेची घेतली असेल तर सगळ्या आळीचा पिंग एकदम चढतो. ते घरात तार ओढून सुटत नाही. तिथे ग्राहकांनी मिळून ऑपरेटरलाच धरायला हवं.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत लेटन्सी (म्हणजे पिंगचाच वेळ) आणि पाकिटांच्या गळतीचे निकष आहेत. मग ते जाहिरातीत का दिसू नयेत? ‘गेमिंग प्लॅन’ म्हणून विकायचं असेल तर अपलोडचा आकडा डाउनलोडइतक्याच ठळक अक्षरात छापावा आणि रात्री ८ ते १० मध्ये मुंबईचा पिंग किती राहतो तेही द्यावं. आपल्या वृत्तपत्रानेही अशी जाहिरात घेताना या दोन आकड्यांचा आग्रह धरावा, अशी विनंती. तोवर वाचकांनी नवीन जोडणी घेण्याआधी त्याच ऑपरेटरचं नेट असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री ९ च्या सुमारास जाऊन पिंग बघून यावा. चहाही होतो.

माझं नाव छापू नये. उद्या त्याच ऑपरेटरांच्या जोडण्या करायला मला जायचं आहे.

आपला,
एक जोडणीवाला, सातारा