विमान उडवण्याआधी प्रोपेलर तोलून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या एरोमॉडेलिंग (छोटी विमानं बनवून उडवण्याच्या) शिबिरांबद्दल आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. मुलं बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापताना, थर्माकोलला घासून पंखाचा आकार देताना दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. आता घराजवळच्या शाळेत मुलांना विमानं बनवायला मदत करतो. म्हणून एक मागणी मांडतो. शिबिर असो, शाळेची प्रयोगशाळा असो की स्पर्धा, न तोललेला, म्हणजे दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का हे न तपासलेला, प्रोपेलर (मोटारीवर फिरणारा पात्यांचा पंखा) विमानाला लागता कामा नये, आणि तो तोलायचं साधन मुलांनी स्वतःच्या हातांनी बनवावं.

सध्या प्रोपेलर पाकिटातून निघतो तो थेट मोटारीवर चढतो. साच्यातून आलेली दोन पाती दिसायला जुळी असली, तरी वजनात बारीक फरक राहतो. हाताला तो कळत नाही, मोटारीला मात्र कळतो. हिशेब करून पाहा. १० इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेतोय आणि एका पात्याच्या टोकाशी ०.१ ग्रॅम जास्त आहे, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. तेवढ्यानं मोटारीच्या शाफ्टवर जवळपास १४ न्यूटनची, म्हणजे सुमारे १.४ किलो वजनाइतकी ओढ बसते. ही ओढ प्रोपेलरबरोबर फिरते, सेकंदाला १६६ वेळा. फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट होते.

याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, म्हणून दुर्लक्ष होतं. मोटारीचे स्क्रू हळूहळू सैल होतात, बेअरिंग आवाज करू लागतं, रिसीव्हरवरच्या सोल्डरिंगच्या डागाला चीर जाते. ड्रोनमध्ये तर जायरो आणि ॲक्सेलरोमीटर हे हालचाल मोजणारे सेन्सर ही थरथर विमानाची हालचाल समजून बसतात. आठवीतल्या एका मुलीच्या विमानाचं नाक थ्रॉटल वाढवला की झणझणायचं. घरच्यांनी मोटार बदलली, स्पीड कंट्रोलरही बदलला. शेवटी प्रोपेलर काढून तोलला तर एक पातं सरळ खाली आलं. पॉलिश पेपरनं ते थोडं घासलं आणि झणझण गेली. दोन्ही वस्तूंचा खर्च फुकट गेला होता.

टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरचं (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशिनचं) चाक बसवण्याआधी दोन समांतर, लेव्हलमध्ये असलेल्या धारांच्या स्टँडवर तोलून घ्यायची शिस्त असते. तोल न बघता चाक मशिनवर चढवलं, तर उस्ताद मशिनला हात लावू देत नसत. प्रोपेलरला वेगळा न्याय कशासाठी? वर सांगितलेल्या प्रोपेलरचं टोक ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं, आणि जवळ लहान मुलं उभी असतात.

साधन बनवणं अवघड नाही. वीतभर लांबीची जाड लाकडी फळी, तिच्यावर गुण्यानं काटकोन बघून दोन उभे खांब. प्रोपेलर मध्ये मोकळा फिरला पाहिजे, एवढी त्यांची उंची ठेवावी. दोन्ही खांबांच्या वरच्या भागात समोरासमोर एकेक निओडिमियम चुंबक बसवायचा, एकमेकांना ओढतील अशा बाजूनं. पुण्यात तपकीर गल्लीत धुंडाळलं तर असे चुंबक मिळतात. मधला दांडा ३ मिलिमीटर जाडीच्या सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे चकचकीत घासलेल्या कार्बन पोलादाच्या सळईचा. तो ड्रिल मशिनच्या चकात धरून फिरवावा, कानशीनं दोन्ही टोकं सुईसारखी काढावीत आणि तेलाच्या दगडावर गुळगुळीत करावीत. स्टेनलेस घेऊ नये. त्यातले बरेच प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत.

दांड्याची लांबी दोन चुंबकांमधल्या अंतरापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी ठेवायची. एक टोक एका चुंबकाला टेकतं आणि दुसरं हवेत अधांतरी राहतं. सगळा भार एका बिंदूवर आल्यानं घर्षण जवळपास उरत नाही. मुलं इथे हमखास थबकतात, दांड्यावर फुंकर मारून बघतात. तो कितीतरी वेळ फिरत राहतो. प्रोपेलर दांड्यावर मधोमध धरायला नायलॉनचे दोन शंकू लागतात. तेवढं काम लेथवाल्याकडून करून घ्यावं, कारण शंकूचं भोक मध्यावर नसेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

प्रोपेलर आडवा ठेवून सोडला की जड पातं खाली येतं. त्याच्या फुगीर पाठीवरून, टोकाच्या बाजूनं, बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवावा आणि पुनःपुन्हा तपासावं. पुढच्या धारेला हात लावू नये, पात्याची लांबी कमी करू नये. हलक्या पात्याला सेलोटेप लावायची सोपी युक्ती चालते, पण टेप उडाली की तोलही गेला, म्हणून मी घासण्याच्या बाजूचा आहे. लाकडी प्रोपेलर घासल्यावर उघड्या लाकडावर व्हार्निशचा पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर परत तोलावा, व्हार्निशलाही वजन असतं. कार्बन फायबरचा असेल तर मास्क लावूनच ओला घासावा, ती धूळ छातीला वाईट. चीर गेलेला किंवा टवका उडालेला प्रोपेलर तोलत बसू नये, तोडून टाकावा.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. पाती आडवी स्थिर राहिली म्हणजे काम संपत नाही. प्रोपेलर उभा करून सोडावा. तो डावीकडे किंवा उजवीकडे कलंडला, तर मधल्या हबची, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या भागाची, एक बाजू जड आहे. हलक्या बाजूला फेविक्विकचा थेंब देऊन तो वाळू द्यावा. आडवा, उभा, तिरका, कुठेही सोडला तरी जागच्या जागी थांबला की तो मोटारीवर चढवायला योग्य झाला.

शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये (केंद्र सरकारच्या योजनेतल्या प्रयोगशाळेत) आज थ्रीडी प्रिंटर आहे, सेन्सर आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनाचे वर्ग आणि उडवायच्या जागा ठरवून दिल्या. मात्र प्रोपेलरचा तोल बघणं हे शिक्षकाचं आणि आयोजकाचंच काम राहतं. माझी सूचना अशी, की शिबिराचा पहिला दिवस विमान बनवण्यात न घालवता हे साधन बनवण्यात घालवावा. मापन, काटकोन, चुंबक, गुरुत्वमध्य हे सगळं त्यात येतं. स्पर्धेत बॅटरी आणि वजन तपासतात त्याच टेबलावर ते ठेवावं, आणि प्रोपेलर त्यावर स्थिर राहिल्याशिवाय विमान मैदानात सोडू नये.

शिक्षकांसाठी अजून एक गोष्ट. साधन बनवल्यावर आधी त्याचीच परीक्षा घ्यावी. जे पातं खाली येतं त्यावर पेन्सिलीनं खूण करावी, मग शंकू सैल करून दांडा न हलवता प्रोपेलर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावा. तेच पातं खाली आलं तर दोष प्रोपेलरमध्ये. दुसरं आलं तर दोष दांड्यात किंवा शंकूत, आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्या साधनावर एकही प्रोपेलर घासायला घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड