नागपूरच्या लकडगंजमधल्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. आभार मात्र चारचौघांतच मानणार. आमची इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची मुलं यंदा जे पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांच्या फाइली, घेऊन मुलाखतींना गेली, त्यांतलं जवळजवळ प्रत्येक पान आधी तुमच्या फर्निचरच्या कारखान्यातल्या भुशाने माखलेल्या टेबलावरून गेलेलं आहे. हे लोकांना कळायला हवं.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली की 'आर्किटेक्ट' ही उपाधी नावापुढे लावता येते. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी कायदेशीर नोंदणी नाही. त्यामुळे पहिल्या नोकरीच्या वेळी समोरचा माणूस प्रमाणपत्रापेक्षा पोर्टफोलिओच जास्त बघतो. मुलांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ती जीव ओतून थ्रीडी व्ह्यू बनवतात, म्हणजे खोली तयार झाल्यावर कशी दिसेल याची कॉम्प्युटरवरची चित्रं. सोनेरी उजेड, संगमरवरी भिंत, कोपऱ्यात एक झाड. दहा मुलांच्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची हे नाव झाकल्यावर मलाही सांगता येत नाही.

तुम्ही त्या फाइली चाळल्या आणि म्हणालात, "म्याडम, पोट्टे चित्रं भारी काढून राहिले. पण हे बनवाचं कसं?"

त्या एका प्रश्नावर आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. एका मुलीने छतापर्यंत जाणारं कपाट काढलं होतं, साडेनऊ फुटांचा अखंड दरवाजा. तुम्ही तिला प्लायच्या थप्पीपाशी नेलंत आणि टेप हातात दिलीत. आठ बाय चारची शीट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. "साडेनऊ फुटाची फळी कुठून आणू जी?" मग तिनेच सांधा कुठे घ्यायचा ते ठरवलं. वर लॉफ्टचा वेगळा दरवाजा केला आणि सनमायकाची रेघ दोन्ही दरवाजांवर एका ओळीत कशी येईल याचं ड्रॉइंग काढलं. तिच्या पोर्टफोलिओत आज त्या कपाटाचा एकच व्ह्यू आहे. समोरच्या पानावर सेक्शन, म्हणजे कपाट उभं कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग, प्लायची कड झाकणाऱ्या लिपिंगच्या पट्टीचा मोठा करून काढलेला तपशील आणि एका शीटमधून कोणते तुकडे निघतील याचा कटिंगचा नकाशा. पुण्याच्या ज्या स्टुडिओत ती लागली, तिथे मुलाखतीचा निम्मा वेळ या पानावरच गेला, असं तिने मला फोनवर सांगितलं.

मुलं मिलिमीटरमध्ये विचार करतात, तुम्ही फूट, इंच आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. १९ मिलिमीटरची प्लाय म्हणजे सहा सूत, हे आता ती न अडखळता सांगतात. साइटवर पहिल्याच दिवशी याचा उपयोग होतो. पुस्तकात हे सापडलं असतं असं मला वाटत नाही.

आणि तो कूलर! नागपूरच्या बेडरूमचे इतके व्ह्यू मी वर्षानुवर्षं तपासले, पण "मे महिन्यात कूलर कुठी ठेवसान?" हे विचारणारे तुम्हीच. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात खिडकीबाहेरचा स्टँड, पाण्याचा नळ, विजेचा पॉइंट, कूलर काढल्यावर त्या खिडकीचं काय, हे सगळं डिझाइनमध्येच येतं. एका मुलाने या एका खिडकीवर पूर्ण पान केलं, आणि मला विचाराल तर त्या बॅचचं ते सगळ्यात अस्सल पान.

कोणतं सॉफ्टवेअर किती येतं हे दाखवणाऱ्या फाइलीतल्या पट्ट्यांवर तुम्ही हसलात तेही आठवतं. ऑटोकॅड ८० टक्के, स्केचअप ९० टक्के. "बाकीचं वीस टक्के कोन करन?" दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फाइलींतून त्या पट्ट्या गायब. त्यांच्या जागी साध्या शब्दांत, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय काम केलं ते. गटात केलेल्या प्रोजेक्टवर आपला वाटा कोणता, हेही लिहायला लावलंत. मोजमाप कोणी घेतलं, सीलिंगचा आणि विजेचा लेआउट कोणाचा, मटेरियलचे दर कोणी काढले. मुलांना आधी हे कमीपणाचं वाटलं. मुलाखतीत नेमका तोच प्रश्न येतो, हे कळल्यावर कुरकुर थांबली.

तुमची एक गोष्ट मात्र मी ऐकली नाही. तुमचं म्हणणं, व्ह्यू सगळेच काढून टाका. काका, ते नाही जमणार. दिवसाला ढीगभर पीडीएफ उघडणारा माणूस पहिल्या पानावर थांबला पाहिजे, आणि त्याला थांबवायला एखादं देखणं चित्र लागतंच. फाइल जाड नको, ईमेलने सहज जाईल इतकी हलकी हवी, चार-पाच प्रोजेक्टच असावेत, एवढ्यावर आपलं एकमत आहे. बाकीचं भांडण चालू ठेवू.

कारखान्यात मुलांना फोटो काढू दिलेत, सांगाड्यापासून पॉलिशपर्यंत. त्याआधी घरमालकांना स्वतः फोन करून परवानगी घेतलीत. कामाच्या घाईत कारागिरांना थांबवून सांधा उलगडून दाखवायला लावलात. त्या वेळेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि मी पुन्हा विचारलं तर रागवाल, म्हणून विचारत नाही.

दिवाळीनंतर नवी बॅच घेऊन येते आहे. यंदा ड्रॉइंग ए-थ्री कागदावर मोठ्या अक्षरांत छापून आणू, तुमचा चष्मा शोधण्यात वेळ जायला नको. आणि चहा आमच्याकडून, यावर वाद नको.

आपली,
नागपुरातली एक शिक्षिका