पंखा बंद करा, उशी द्या

संपादक महोदय,

नेत्रदान पंधरवड्यात (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) संकल्पपत्रे ढिगाने भरून घेतली जातात. प्रत्यक्षात डोळे हातचे जातात ते माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत, आणि अनेकदा कारण अंधश्रद्धा नसते, पंखा असतो. गर्दी जमते, उकडते, कुणीतरी पंखा पाचवर करते.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू तो हवेतून घेतो. म्हणून हृदय थांबल्यावरही तो काही तास तगतो. दाखल्यावर मृत्यूची वेळ एकच असली, तरी शरीर एका क्षणात मरत नाही. पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या, तर मात्र तीन-चार तासांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी त्रिकोणी डाग उमटतो. तो वाळल्याचा डाग.

लगेच पापण्या मिटायच्या, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हा जुन्या माणसांचा आग्रह अगदी शास्त्रशुद्ध आहे. ताठरपणा पापण्या, जबडा आणि मानेपासूनच सुरू होतो. नंतर मिटू म्हटले तर जड जाते. त्यात एवढीच भर घालावी: पंखा बंद, एसी असल्यास चालू, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाची घडी, डोके उशीवर सुमारे सहा इंच उंच. उशी नसेल तर डोळा काढल्यावर रक्त झिरपते, चेहरा सुजतो आणि ‘विद्रूप केले’ अशी बोलणी होतात.

संकल्पपत्र नसले तरी जवळच्या नातलगांची संमती पुरते. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची अडचण नाही. रेबीज, एचआयव्ही, ब किंवा क प्रकारची कावीळ, रक्ताचा कर्करोग असल्यास डोळे घेत नाहीत. त्यासाठी थोडे रक्तही तपासायला नेतात. खरी अडचण मध्यरात्री दाखला देणारा डॉक्टर मिळण्याची असते. घरात दीर्घ आजारी माणूस असेल, तर हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

‘पुढच्या जन्मी डोळे येणार नाहीत’ म्हणणारे अजून भेटतात. त्याच घरात गीतेतले ‘वासांसि जीर्णानि’ म्हटले जाते. जुने वस्त्र टाकले, तर बटणांचा हिशोब कशाला?

लेक परगावाहून येईपर्यंत थांबायचे असले, तरी नेत्रपेढीला फोन आधी करावा. मुदत साधारण सहा तासांची आहे. काम १५ ते २० मिनिटांचे. अंगणात तिरडी बांधून होण्याआधी पथक निघालेलेही असते.

– एक नेत्रदान समुपदेशक, नाशिक