कुरोन यांचीही ओळख व्हावी

संपादक महोदय,

पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा तिथले कामगार नेते लेक वालेसा यांच्या नावापाशीच थांबते. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांना आसरा देणाऱ्या महाराष्ट्राला, आणि विशेषतः सातपूर-अंबडच्या कामगारांना, यात्सेक कुरोन हे नावही ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कुरोन मूळचे कम्युनिस्ट पक्षाचेच. सत्ता कामगारांच्या नव्हे, तर नोकरशाहीच्या हाती आहे, असे १९६५ मध्ये कारोल मोद्झेलेव्स्की यांच्यासह लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी मांडले आणि त्यापायी तीन वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. १९७६ च्या दरवाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुस येथील कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या वाट्याला मारहाण, अटक आणि बडतर्फी आली. त्यांच्यासाठी वकील आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पैसे उभे करणाऱ्या कामगार संरक्षण समितीच्या संस्थापकांत कुरोन होते. कुठे संप झाला, कोणाला पकडले, ही खबर वॉर्सातील त्यांच्या घरच्या टेलिफोनवर यायची आणि परदेशी रेडिओमार्फत पुन्हा पोलंडच्या घराघरांत पोहोचायची. लष्करी कायद्याच्या काळात, १९८२ मध्ये, ते बंदिवासात असतानाच त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

तरीही मला ते थोर वाटतात ते त्यानंतरच्या कामामुळे. १९८९ मध्ये कम्युनिस्टेतर पंतप्रधान माझोविएत्स्की यांच्या सरकारात त्यांनी कामगार खाते स्वीकारले, तेही बाजारपेठी सुधारणांमुळे बेकारी वाढणार हे दिसत असताना. बेकारभत्त्याला लोक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. सूट-टायऐवजी डेनिमच्या कपड्यांत वावरणारा हा मंत्री दूरचित्रवाणीवरून लोकांशी नियमित बोलत असे, आणि वॉर्सात गरजूंना स्वतःच्या हाताने सूप वाढत असे. पुढे, त्या सुधारणांची किंमत कामगारांनाच मोजावी लागली आणि तिची जबाबदारी आपल्यावरही येते, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. सत्ता भोगलेल्या नेत्याकडून असे शब्द क्वचितच ऐकायला मिळतात.

१७ जून २००४ रोजी त्यांचे निधन झाले. येत्या स्मृतिदिनी आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, आणि त्यात तुरुंगवासाइतकीच जागा मंत्रिपदाच्या काळालाही मिळावी, ही विनंती.

– एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक