दिलीपला पत्र: आमच्या लेकरांचा २०५०

औसा,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "नववीच्या लेकरांना पुढच्या दुष्काळाच्या गोष्टी कशाला लिहायला लावतोस? आधीच त्यांच्या जिवाला कमी घोर आहे का?" तुझी काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी त्यांना २०५० मधला एक दिवस लिहायला सांगतो. तोच दिवस, पण चार तऱ्हांनी. अट एकच, त्या दिवसात लिहिणारं लेकरू स्वतः हवं. तेव्हा ही पोरं चाळिशीला टेकलेली असतील. नुसता 'भविष्यातील माझे गाव' असा निबंध दिला की उडत्या गाड्या तरी येतात, नाहीतर सगळं उजाड. लिहिणारं लेकरू मात्र त्यात कुठंच नसतं.

ही रीत मी दक्षिण आफ्रिकेकडून उचलली. मंडेला सुटले होते, निवडणूक व्हायची होती. अशा वेळी, १९९१-९२ मध्ये, स्टेलनबॉशजवळ माँ फ्लर इथं एकमेकांचे विरोधक असलेले २२ जण एकत्र बसले. काय व्हावं यावर एकमत होणं कठीण, म्हणून २००२ पर्यंत काय काय होऊ शकतं, एवढंच त्यांनी मांडलं. चार कथा झाल्या. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, लंगडं बदक, ग्रीक पुराणकथेतला, सूर्याजवळ जाऊन कोसळणारा इकारस आणि सगळ्यांनी मिळून हळूहळू झेपावणारे फ्लेमिंगो. मला इकारस फार महत्त्वाचा वाटतो. लोकांना खूश करायला तिजोरी न बघता खर्च करणारं सरकार देश बुडवतं, अशी ती कथा. सत्तेवर येऊ घातलेल्या चळवळीची माणसं त्याच खोलीत होती. पुढं १९९६ पासून अर्थमंत्री राहिलेले ट्रेव्हर मॅन्युएलही त्यांतलेच. आपण जिंकल्यावर आपल्याच हातून काय बिघडेल, हे कुणी तोंडावर सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. गोष्ट होती म्हणून ते ऐकून घेता आलं.

आपल्याकडं तो अवघड विषय म्हणजे ऊस. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी सगळं रान उसाचं. वडिलांसमोर ती पाण्याचा 'प' काढणार नाही. पण तिच्या पहिल्या गोष्टीत बोअर नऊशे फुटांवर कोरडा जातो आणि म्हातारे वडील म्हणतात, "अजून शंभर फूट जाऊ." दुसरीत घराला कुलूप आणि सगळं कुटुंब चाकणला. तिसरीत ग्रामसभा दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिकं ठरवते. हे तिनं हिवरे बाजारवरून घेतलं, तिथं ते खरंच चालतं. यावर एक पोरगा उसळला, "ऊस नाही तर बहिणीचं लग्न कशावर करायचं?" मग तासभर वर्गात एकरी हिशेब चालला. खत, पाणी, तोडणी, सगळं त्यांना तोंडपाठ!

शेवटी मी विचारतो, या गोष्टींचा फाटा कुठं फुटला? कोणत्या वर्षी, कुणाच्या निर्णयानं? त्या मुलीनं २०२९ लिहिलं. का, म्हटलं, तर म्हणाली, "तेव्हा मला मत असेल, सर."

दिलीप, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा ही लेकरं चार-पाच वर्षांची होती. भीती घरातल्या बोलण्यातूनच त्यांच्यापर्यंत पोचलेली आहे. मी नवीन देत नाही. एकच काळी गोष्ट घेऊन मात्र मी कुणाला घरी जाऊ देत नाही, चारही लिहून व्हायलाच हव्यात. आणि खरी अडचण चांगल्या गोष्टीचीच येते. वाईट दिवस ती भराभरा लिहितात, चांगल्या दिवसाला त्यांच्याकडं तपशील नसतो. बोअर किती खोल जाईल हे सांगतात, पाणी किती वर येऊ शकेल हे कुणालाच ठाऊक नाही.

तिथं तू हवास. दिवाळीनंतर एक दिवस काढ. तुमच्या भूजल कार्यालयातल्या, आमच्या पाणलोटाच्या निरीक्षण विहिरींच्या दहा वर्षांच्या नोंदी आण आणि नकाशाही. भाषण नको, लेकरं विचारतील तेवढंच सांग. मुक्काम आमच्याकडंच. तारीख कळव, म्हणजे मुख्याध्यापकांशी बोलून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
माधव